तांब्याच्या नळीतला शाडू

रोह्याच्या सुलेमानभाईंनी त्या दिवशी गाडीत तेल घातलं होतं. तेल मोजायच्या पट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंत घातलं होतं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि पाहून पट्टी फडक्याला पुसून टाकली.

हे आधीच लिहून टाकतो. माझं वय चौऱ्याहत्तर. लिहिता लिहिता चहा येतो, चहाच्या वासानं शेजारी येतात आणि शेजारी गेले की डुलकी येते. मधेच काही झालं तरी एवढ्या तीन ओळी छापून याव्यात. पुढचं कुणी वाचलं नाही तरी माझी तक्रार नाही.

संपादकांनी खरं तर वेगळंच मागितलं होतं. जुन्या गाड्या, त्यांचे तऱ्हेवाईक मालक, दिवाळीत फराळाबरोबर वाचायला बरं असं काहीतरी हलकंफुलकं. मी म्हटलं, देतो. सध्या मलाच इतकं हलकं वाटतंय की पंखा जोरात लावायची भीती वाटते. गेल्या महिन्यात मी रोह्याच्या भर बाजारात, गाडीच्या खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत ओरडत गेलो. ते कसं झालं, एवढंच सांगायचं आहे. पण त्यासाठी आधी धंदा समजला पाहिजे.

इंजिन म्हणजे लोखंडाचे तीसचाळीस नातेवाईक एका घरात कोंबलेले. दिवसभर एकमेकांना घासणार. मधे तेल आहे म्हणून संसार चाललेला असतो. आता हे तेल राहतं खाली, चेंबरमध्ये, आणि भांडणं चालतात वर माळ्यावर. म्हणून पंप तेल वर ढकलतो. आताच्या गाड्यांत या वाटा इंजिनाच्या अंगातच कोरलेल्या असतात, दिसत नाहीत. जुन्या काही विलायती गाड्यांत मात्र करंगळीहून बारीक अशी धातूची नळी इंजिनाच्या बाहेरून वळसे घेत वर जायची. ही नळी चेपली की तळघरात तेलाचा पूर आणि माळ्यावर दुष्काळ. पट्टी बुडवून बघाल तर तेल भरपूर. आणि वर मात्र सगळं कोरडं ठणठणीत, किंचाळायला लागलेलं.

पेणला एसटी स्टँडपासून दहा मिनिटांवर माझं गॅरेज होतं आणि अशा चेपलेल्या नळ्या सरळ करणं ही माझी खासियत होती. पनवेलपासून अलिबागपर्यंत लोक मला ‘नळीवाले मिस्त्री’ म्हणत. नळ्या आपोआप चेपत नाहीत, माणसं चेपतात. वडखळच्या नाक्यावर एका साहेबांनी चाक बदलायला जॅक लावला तो नेमका नळीखाली. गाडी उचलली गेली नाही, नळीचा मात्र पापड झाला. मला म्हणाले, “मिस्त्री, ही पट्टी कसली हो?” मी म्हटलं, “साहेब, सकाळपर्यंत ही नळी होती.” खाडीकडच्या एका मिठागरवाल्यांच्या जीपची नळी गळत होती. त्यांनी हातोडीनं ठोकून ती गळती बंद केली आणि छाती पुढं काढून मला म्हणाले, “बघा, आता थेंब गळत नाय.” खरंच गळत नव्हता. पुढंही जात नव्हता.

चेपलेली नळी उघडायची विद्या मला दिली एका बँडवाल्यानं. आमच्या गल्लीत लग्नाच्या बँडमध्ये तुतारी वाजवणारे एक गृहस्थ राहायचे. वाद्याला पोचा पडला की ते आत लोखंडी गोळी सोडायचे आणि हलवून, ठोकून ती अशी पुढं न्यायचे की पोचा आतून बाहेर यायचा. ते पाहून मी छर्रे जमवले. बेअरिंगमधले, ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्यापर्यंत, एकाहून एक केसभर मोठे. नळीच्या एका तोंडात छर्रा घालायचा, मागून ग्रीसगन जोडायची आणि दांडा मारत राहायचं. ग्रीस छर्ऱ्याला ढकलतं, छर्रा पोच्याला ढकलतो, चेपलेली नळी आतून फुगत जाते आणि छर्रा दुसऱ्या तोंडातून ‘टक्’ करून बाहेर पडतो. मग त्याहून केसभर मोठा छर्रा. ही करामत चाळीस वर्षं केली. दर वेळी ते ‘टक्’ ऐकलं की मला स्वतःलाच टाळी द्यावीशी वाटायची.

आता आपाकडं येतो.

आपा म्हणजे रोह्याच्या हमीदशेठची काळी गाडी. हमीदशेठ लाकडाचे व्यापारी. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, आणि घरातल्या थोरल्या बहिणीसारखा तिचा मान, म्हणून सगळं रोहा तिला आपाच म्हणे. तिचे ड्रायव्हर सुलेमानभाई. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, सडसडीत, पांढरा शर्ट नेहमी कडक इस्त्रीचा. बाजारात गर्दी झाली तरी ते हॉर्न वाजवायचे नाहीत. गर्दी हटेपर्यंत थांबायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “आपा वरडत नाय. लोकांनी समजून बाजू व्हायचं.”

अडतीस वर्षांपूर्वी हमीदशेठच्या मुलीचं, रुक्सानाचं लग्न ठरलं. नवरदेवाची वरात आपामधून निघणार होती. त्याआधी पंधरा दिवस वखारीत ओंडका घसरून गाडीखाली गेला आणि तेलाची नळी चेपून फाटली. फाटलेल्या नळीवर छर्ऱ्यांचा इलाज चालत नाही. तांब्याची नवी नळी वळवून करावी लागणार होती.

तांब्याची नळी नुसती वाकवली तर कोपऱ्यात चेमटते. म्हणून तिच्यात कोरडी बारीक वाळू ठासून भरतात, दोन्ही तोंडं बंद करतात, वळणाची जागा तापवून लाल करतात आणि मग वाकवतात. आतल्या वाळूमुळं नळी गोलच्या गोल राहते. नंतर वाळू झटकून टाकायची. इतकं सोपं. पण भाद्रपद उलटला होता, पाऊस उलटायचं नाव घेत नव्हता. वाळूचं पोतं ओलंकिच्च. ओली वाळू तापवली तर आत वाफ धरते आणि नळी फुटते. मी वाळू भाजायला घरातली कढई मागितली. माझी बायको सुमती म्हणाली, “कढई न्यायची तर मलाही सोबत न्या, आणि परत आणू नका.”

शेजारी गणपतीचा कारखाना. आता तो पांडुरंग चालवतो, त्या वेळी त्याचे वडील चालवत. सण नुकताच झाल्यामुळं उरलेला शाडू पोत्यात पडून होता. कोरडा, चाळलेला, बोटांतून पिठासारखा निसटणारा. मला वाटलं, वाळूपेक्षा हे तर सोनंच आहे. मी नळीत शाडू ठासला. वळणाची जागा तापवून लालबुंद केली आणि वाकवली. हत्तीच्या सोंडेसारखं असं सुंदर वळण आलं की मी ती नळी पांडुरंगच्या वडिलांना नेऊन दाखवली. मग ठोकून ठोकून शाडू बाहेर काढला. फुंकर मारली. दुसऱ्या तोंडातून वारा आला. झालं काम.

गावात जन्मल्यापासून शाडू पाहतोय. पण पेणला शाडू कुणी भाजत नाही. मूर्ती वाळवतात, रंगवतात आणि शेवटी पाण्यात सोडतात. शाडू ही विरघळणारी गोष्ट, एवढंच आमच्या डोक्यात. तीही मातीच आहे आणि माती लाल होईपर्यंत तापवली तर तिची वीट होते, हे कुंभाराच्या गावातल्या माणसाला लगेच सुचलं असतं. मूर्तिकारांच्या गावातल्या मिस्त्रीला सुचलं नाही. वळणाच्या जागी आतून विटेचं कडं बसलं होतं, आणि त्याला जेमतेम फुंकर जाईल एवढं भोक उरलं होतं.

वडखळपर्यंत गाडी पळवून आणली. काही झालं नाही. पळत्या गाडीत पंप जोरात असतो, त्या भोकातूनही थोडं तेल वर जात असणार.

वरातीत गाडी पळत नाही. पुढं बँड, मागं माणसं, आश्विनातलं ऊन, आणि दोन तास माणसाच्या चालीनं पहिल्या गिअरमध्ये. मी नवा शर्ट घालून गाडीच्या मागं चाललो होतो. लोक म्हणत होते, काय मिस्त्री, गाडी नवी करून दिलीत. मी हसून मान हलवत होतो. बाजाराच्या मधोमध आपा ओरडली. कधी न ओरडणारी आपा अशी किंचाळली की बँडवाले थांबले. मग ती जागेवर बसली ती बसलीच.

मी बॉनेट उघडलं. नळीवर हात ठेवला. वळणाच्या खाली चटका बसेल इतकी गरम, वळणाच्या वर कोमट. मला त्या क्षणी सगळं कळलं. नेमकं काय अडकलंय ते नाही, पण अडकलंय आणि ते माझ्या वळणात अडकलंय, एवढं पक्कं कळलं.

हमीदशेठ घामाघूम. म्हणाले, “मिस्त्री, तेल हाय का बघा.”

सुलेमानभाई म्हणाले, “सकाळी मीच घातलंय, शेठ.”

मी पट्टी ओढली. तेल वरच्या खुणेला टेकलेलं होतं. पट्टी अशी धरली होती की माझ्याशिवाय कुणाला दिसणार नाही. फडकं हातातच होतं. मी पट्टी पुसली आणि म्हणालो, “कमी वाटतं.”

दोनच शब्द. ‘नव्हतं’ असंही म्हणालो नाही. ‘वाटतं’ म्हणालो. पुढं अडतीस वर्षं त्या ‘वाटतं’च्या आडोशाला राहिलो.

सुलेमानभाई शेठकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते. नवरदेव गाडीतून उतरला आणि सेहरा सावरत चालत मुलीच्या दारात गेला. आपाला ढकलत वखारीच्या शेडमध्ये नेलं. शेठचं मन उडालं, ती तिथंच राहिली. सुलेमानभाईंची नोकरी त्याच आठवड्यात गेली. पण नोकरीपेक्षा वाईट झालं ते बाजारात. ते रस्त्यानं दिसले की कुणीतरी विचारायचं, “काय सुलेमानभाई, तेल घातलंव काय?” हॉटेलात चहा मागितला की, “दूध घातलंय हो, तुमच्यासारखं विसरलो नाय.” त्यांनी पुन्हा कधी गाडीला हात लावला नाही. नदीच्या बाजूला रोपांची वाडी काढली.

हे सगळं मला येणाऱ्याजाणाऱ्याकडून कळायचं. मी स्वतः जायचो नाही. रोह्याचं काम आलं की माझी कंबर धरायची. रोह्याच्या अलीकडच्या नागोठण्यापर्यंत बरी असायची.

या वर्षी होळीनंतर एक बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. साठीच्या, डोक्यावरून ओढणी, हातात कापडी पिशवी.

“मिस्त्रीकाका, वळखलंव काय? मी हमीदशेठची रुक्साना.”

सुमती त्यांना पाणी द्यायला आत गेली. मी खुर्चीला धरून बसलो.

रुक्साना आणि तिचा नवरा आखातातली नोकरी आटोपून कायमचे परत आले होते. शेठ जाऊन बरीच वर्षं झाली. शेड पाडायची होती, आणि शेडमध्ये आपा. रुक्सानानं ठरवलं, आपाला उभी करायची. पनवेलच्या एका वर्कशॉपनं इंजिन उघडून, साफ करून, लागेल ते बदलून दिलं होतं. राहिली होती तेलाची नळी. शेडमधून ओढून काढताना साखळी तिच्यावरून गेली आणि ती दोन जागी चेपली.

“ते म्हणतात, रबराची लावूया,” रुक्साना म्हणाली. “मी म्हटलं, नाय. अब्बांच्या येळची हाय, तीच पायजे. मग कुणीतरी तुमचं नाव घेतलं. ही बघा.”

तिनं पिशवीतून नळी काढून माझ्या मांडीवर ठेवली. हत्तीची सोंड. काळवंडली होती, पण वळण तसंच.

“तुमच्याच हातची ना, काका?”

“व्हय,” मी म्हणालो. “माझ्याच हातची.”

त्या रात्री झोप लागली नाही वगैरे लिहिणार नाही. झोप उत्तम लागली. माझी झोप नेहमीच उत्तम होती, हीच तर लाज वाटण्यासारखी गोष्ट.

गॅरेजची जागा आता पांडुरंगकडं आहे. वडिलांच्या मागं कारखाना त्यानं वाढवला, आणि माझ्या जुन्या बाकाच्या तिन्ही बाजूंना न रंगवलेले पांढरे गणपती रांगेत बसवले. एक कोपरा माझ्यासाठी ठेवलाय, म्हाताऱ्याला करमावं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी छर्ऱ्यांचा डबा काढला. दहा वर्षांनी ग्रीसगनला हात लावला आणि खरं सांगतो, मला शाळा सुटल्यासारखं वाटलं. पहिला पोचा वळणाच्या अलीकडचा. छर्रा घातला, दांडा मारला. हाताला कळत होतं, तो सरकतोय, तांबं फुगतंय. पोचा उघडला! मी पांडुरंगला हाक मारली, “बघ रे, म्हातारा अजून चालतो!”

तो हातावरचं पांढरं पुसत आला. मी जोरात दांडा मारत राहिलो. छर्रा वळणात शिरला आणि अडकला. तिथं तर पोचा नव्हता. बाहेरून वळण गोल गुळगुळीत. मी आणखी जोर केला. आणखी.

“नाना, पुरे करा,” पांडुरंग म्हणाला.

आणि जोडणी उडाली. ग्रीसची पिचकारी जी सुटली ती बाकावरून, माझ्या चष्म्यावरून, थेट पहिल्या रांगेतल्या दोन फुटी गणपतीच्या सोंडेवर. तिथून दोघांच्या पोटांवर. चौथ्याच्या मोदकावर.

पांडुरंगनं सोंडेवरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाला, “नाना, तेलकटावर रंग बसत नाय.”

“खरवडून देतो.”

“मोदक मी खरवडतो. तुम्ही सोंड घ्या.”

मी हसायला लागलो. चष्म्यावर ग्रीस, समोर ग्रीस लावलेले बाप्पा, आणि हातात ती नळी. हसता हसता मला कळून चुकलं होतं की छर्रा कशाला टेकलाय. अडतीस वर्षांपूर्वी हाताला जे कळलं होतं तेच.

आता एक कबुली. त्या सकाळी माझ्या मनात आलं होतं, वळणाचा तुकडा कापून फेकावा, नवीन जोड द्यावा. कोण विचारणार आहे? रुक्सानाला गाडी चालल्याशी मतलब. मी करवत घेतलीही. मग करवत आडवी धरायची ती उभी धरली, आणि वळण लांबीला चिरलं.

आत फिकट तांबूस कडं. बोटाच्या नखानं टोकरलं तर वाजलं.

पांडुरंगनं ते उचलून उजेडात धरलं, जिभेला लावलं. “हा शाडू हाय. पण भाजलेला.” तो माझ्याकडं बघत राहिला. “शाडू भाजतं कोण?”

“मी,” म्हणालो. आणि त्याला सगळं सांगितलं. तेवढ्यात सुमती जेवायला बोलवायला आली होती, ती दारातच उभी राहून ऐकत होती. लग्नाला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली, पण पट्टीची गोष्ट तिलाही माहीत नव्हती.

ती म्हणाली, “आणि हसताय काय असे येड्यासारखे?”

“सापडलं म्हणून.”

“मग इथं काय बसलात? जा की रोह्याला. आणि कंबर दुखत असली तर मी धरून नेते.”

नळीच्या वळणाला नवा जोड दिला. दुसरा पोचा उघडला. रॉकेलनं चार वेळा धुतली आणि या वेळी नुसती फुंकर मारली नाही, आरपार दोरा ओढला. चिरलेला तुकडा कड्यासकट रुमालात बांधला आणि गाडीनं रोह्याला उतरलो. आधी रुक्सानाकडं जाऊन नळी बसवली, आणि रोह्यात तिलाच पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती तोंडावर ओढणी धरून ऐकत होती. मग म्हणाली, “काका, माझा नवरा चालत आला त्याचा राग मी सुलेमानचाचांवर धरून हाय. अडतीस वर्सं सलाम घेतला नाय त्यांचा.” तिनं आपाची किल्ली उचलली. “चला. मीपण येते.”

आपा सुरू झाली. तिचा आवाज म्हणजे कुणीतरी लांबवर सुपारी कातरतंय, इतका. मी वरचं झाकण काढून पाहिलं. तेल येत होतं. वर, माळ्यावर, चमकत, उड्या मारत येत होतं. मला तिथंच नाचावंसं वाटलं. कंबर आठवून थांबलो.

सुलेमानभाई वाडीत झारी घेऊन कलमांना पाणी घालत होते. वाकलेले, पण शर्ट इस्त्रीचा. आधी त्यांनी गाडी पाहिली, मग रुक्साना, मग मला.

“मनोहर,” ते म्हणाले. झारी खाली ठेवली नाही.

मी पाठ केलेलं भाषण विसरलो. रुमाल सोडला आणि तुकडा त्यांच्यापुढं धरला. “सुलेमानभाई, तुमचं तेल पुरं होतं. माझ्या नळीत हे होतं. आणि मी पट्टी पुसली.”

त्यांनी चष्मा लावला. तुकडा घेतला. कड्यावर नख मारलं.

“काय हाय हे?”

“शाडू.”

“भाजलास?”

“भाजला.”

“पेणचा होऊन?”

“व्हय.”

“आयला,” ते म्हणाले. झारीचं पाणी त्यांच्या पायावर पडत होतं. मग बोलले ते माझ्याशी नाही, त्या तुकड्याशीच. “म्हंजे मी झाकण उघडलेलं. ओतलेलं. पट्टी बघितलेली.”

“व्हय.”

“मनोहर, लोकांचं सोड रं. लोक काय, बोलतात. पण पाचसहा वर्सांनी मलाच वाटाय लागलं, की मी विसारलो असेन. आजपण रोज गॅस बंद केलाय काय ते तीनदा बघतो. फाटक लावून परत येतो, लावलंय काय बघाय. बायको होती तवा म्हणायची, तुमचा तुमच्यावर इश्वास नाय. नव्हताच.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “नक्की वरच्या खुणेला होतं?”

“खुणेच्या केसभर वर.”

“केसभर वर!” ते ओरडले. “मी केसभर जास्तच घालतो! कायम! मला ठाऊक हाय ना!” आणि त्यांनी झारी फेकली. ती दोन कुंड्या फोडून पेरूच्या कलमात जाऊन पडली. मला वाटलं, आता माझी पाळी. मी डोळे मिटले.

“इथं झाडांना काय सांगतंस?” ते म्हणाले. “चल, बाजारात सांग. जिथं पुसलीस तिथं सांग.” मग रुक्सानाकडं हात केला. “किल्ली दे गो.”

रुक्सानानं किल्ली दिली. आधी वाकून सलाम केला, मग दिली.

लायसन्सचा विषय संपादकांनी गाळला तरी चालेल. सुलेमानभाई बसले, पाय क्लचवर ठेवला, आणि आपा बेडकासारखी दोन उड्या मारून निघाली. तिसऱ्या उडीनंतर ती पुन्हा आपा झाली. पहिला गिअर, माणसाची चाल. मी त्यांच्या शेजारी, रुक्साना मागं. बाजाराच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी काच खाली करायला लावली.

“व्हय, बोल.”

मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो. रुक्सानानं मागून माझा शर्ट धरला. “ऐका हो!” मी ओरडलो. “सुलेमानभाईंनी तेल घातलेलं! चूक माझी, पेणच्या मिस्त्रीची! मी खोटं बोललो!” भाजीवाल्या बाया वर बघू लागल्या. मला कसलीच लाज वाटत नव्हती. वाऱ्यावर सोडलेल्या पतंगासारखं वाटत होतं. कापडाच्या दुकानापुढं ओरडलो, हॉटेलापुढं ओरडलो, औषधांच्या दुकानापुढं ओरडलो. माणसं हसत होती, मोबाइल वर करत होती. मोबाइलच्याच एका दुकानातल्या मुलीनं विचारलं, “आजोबा, कुठल्या तेलाची जाहिरात हाय?”

मी आत सरकलो. दुकानांच्या पाट्या पाहिल्या. एकही नाव ओळखीचं नव्हतं. ‘तेल घातलंव काय’ विचारणारे सगळे कधीच गेले होते. हमीदशेठ गेले. हॉटेलवाला गेला. मी नागोठण्याला उतरत राहिलो आणि इकडं माझं ऐकायची माणसं एकेक करून संपली.

सुलेमानभाईंनी गाडी बाजाराच्या मधोमध उभी केली. मागं रिक्षा तटल्या, हॉर्न वाजू लागले. त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं.

“का थांबलास?”

“ऐकायला कोण राह्यलंय, सुलेमानभाई?”

“मी हाय ना,” ते म्हणाले. “बोल. जोरानं बोल.”

मी बाजाराकडं पाठ केली, त्यांच्याकडं तोंड केलं आणि होता नव्हता तेवढा दम लावून ओरडलो.

रुक्साना मागून म्हणाली, “काका, कान फुटंल त्यांचा!”

“फुटू दे,” सुलेमानभाई म्हणाले.